काहिलीतून बेटावर

आमच्या परभणी जिल्ह्यात समुद्र नाही. पाणी म्हटलं की आम्हाला विहीर आठवते, फार तर नदी. तरीही एका मे महिन्यात मी, माझा मित्र आणि माझे थोरले भाऊ स्वतःची नाव घेऊन बेटावर सुट्टीला गेलो होतो. मासे धरायचे, बुड्या मारायच्या, हाताने रांधून खायचं आणि तीन दिवसांनी परत यायचं, असा बेत होता. ऐकणाऱ्याला यात मौज वाटते, आणि म्हणूनच मी ही गोष्ट कोणाला सांगत नाही. आज लिहायला बसलोय तेही जरा चिडूनच, आणि चीड माझी माझ्यावरच आहे.

बेटाचं खूळ परभणीतलं. मास्तरकीच्या शिक्षणाला मी आणि तो एकाच खोलीत राहत होतो. तो आमच्याच गावचा, बोरीच्या बाजूचा, पण वस्तीतला. आम्ही गावातले, ट्रॅक्टरवाले, पारावर मधोमध बसणारे. तो बौद्ध, त्याचे वडील आमच्याच शेतात राबलेले. खोलीत आम्ही एका ताटात जेवायचो. हे मी घरी सांगितलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नसावं. सुट्टीत गावी निघालो की एस.टी.त शेजारी बसायचो, आणि फाट्यावर उतरलो की तो वस्तीच्या वाटेला लागायचा, मी गावाच्या. कोणी कोणाला काही सांगावं लागत नसे.

खोलीच्या भिंतीवर खताच्या दुकानातून आणलेलं एक कॅलेंडर होतं. त्यावर कुठल्याशा देशातलं बेट होतं, निळं पाणी, माडाची झाडं, काठाला लावलेली पांढरी नाव, आणि डोळ्यांना चष्मे लावून पाण्यात सूर मारणारी दोन माणसं. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाचा कंटाळा आला की आम्ही त्या चित्राकडे बघत बसायचो.

"एक दिवस आपण बी जायचं," तो म्हणायचा. "आपली सवताची नाव घेऊन. भाड्याची न्हाई."

"नारळाची झाडं कुठून आणणार?"

"बाभळी चालतील. बेट पाहिजे फक्त."

त्याचा मामा येलदरीच्या धरणाच्या काठी राहायचा. त्या पाण्यात एक टेकाड होतं, चहूबाजूंनी वेढलेलं. तिथे जायचं, हे आमचं तेव्हाच ठरलं होतं.

मग आम्ही दोघंही मास्तर झालो. त्याला झरीची शाळा मिळाली, मला जिंतूर तालुक्यातली. आणि अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात ते एका संध्याकाळी आलं. बाहेरगावची माणसं होती, असं नंतर सगळे म्हणायचे. होती, पण गावातलीही होती. वस्तीतल्या घरांवरचे पत्रे ओढून काढले, कडब्याच्या गंज्या पेटवल्या. मित्र त्या दिवशी गावात होता. त्याची पुस्तकं, शाळेचे दाखले, आईची लुगडी, सगळं अंगणात जळत होतं.

मी आमच्या घराच्या माळवदावर, धाब्याच्या छतावर, उभा होतो. तिथून वस्ती सगळी दिसते. गर्दीत आण्णा होते. आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, घरचे कर्ते. त्यांनी हात लावला की नुसते उभे राहिले, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मित्राने एकदा मान वर केली. धुरातून त्याला माझा चेहरा दिसला असेल का, असा प्रश्न मी पुढे कितीदा स्वतःला घातला. उत्तर ठाऊक असताना घातला, कारण त्याने माझ्याकडे चांगलं ओळखून पाहिलं होतं. मी खाली उतरलो नाही.

तो आईवडलांना घेऊन परभणीला गेला. दोन-तीन महिन्यांनी म्हातारा-म्हातारी परत आली, घर पुन्हा शाकारलं. तो मात्र गावी न परतता झरीलाच राहिला. पुढचे आठ-नऊ महिने आम्ही बोललो नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. इथे मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, की मी उतरायला पाहिजे होतं, चुकलो. आणि ते वाक्य तोंडातून निघत नव्हतं. एकदा झरीच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्यांदा पत्र लिहिलं आणि फाडलं. रोज वर्गात पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवत होतो, त्याचा तर वीट आला होता.

शेवटी मला ते बेट आठवलं. वाटलं, गावात बोलायला जागा नाही, शाळेत नाही, परभणीच्या हॉटेलात नाही. चहूबाजूंनी पाणी असलं की बोलावंच लागेल. मी एप्रिलमध्ये झरीला गेलो. शाळा सुटायची वेळ होती. मला बघून तो पायरीवर थांबला. हातातला खडू त्याने खिशात टाकला.

"सुट्टीत येतोस का?" मी म्हणालो. "बेटावर. आपलं ठरलं होतं."

त्याने हात झटकून खडूची भुकटी उडवली. मग म्हणाला, "नाव कुठून आणणार?"

"काहील हाय न आमची."

तो हसला. नऊ महिन्यांनी मला त्याचे दात दिसले. "काहिलीत बसून बेटावर," तो म्हणाला. "लय झालं. येतो."

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस ज्यात आटवतात ती लोखंडी कढई. आमची चांगली पाच हात रुंद होती, गुडघाभर खोल, काठाला चार कड्या. गुऱ्हाळाचा हंगाम संपला की ती पालथी पडून असायची. पूर आला की आमच्याकडे लोक तिच्यातूनच नदी ओलांडतात, म्हणून तिला नाव म्हणण्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. मी ती घासून काढली. तरी तिच्या जोडांतून मुंगळे निघत राहिले, गुळाचा वास काही जाईना.

पण काहील आण्णांची होती, ट्रॅक्टर आण्णांचा होता, आणि येलदरीपर्यंत ती ट्रॉलीतूनच न्यावी लागणार होती. मी विचारलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, "संगं कोन?" मी सांगितलं. त्यांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली. "मी बी येतो," म्हणाले. "काहील काय अशी कोनाच्या बी हातात द्यायची अस्ती का?"

मी नाही म्हणू शकलो असतो. बेत रद्द करता आला असता. मी म्हणालो, "चला की."

मे महिन्याचं ऊन होतं. मित्र धरणाकाठच्या मामाच्या गावीच येऊन थांबला होता, खांद्याला झोळी आणि हातात तीन गळ. आण्णांना बघून त्याचं पाऊल थबकलं. मग त्याने नमस्कार घातला. आण्णा म्हणाले, "काय मास्तर, बरं चाललंय ना?" त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, ते मला आजही कळलेलं नाही. तो म्हणाला, "हाव आण्णा, बरं हाय."

काहील पाण्यात घातली आणि पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की ही नाव नव्हे. वल्हं म्हणून आणलेली फळी एका बाजूने मारली की ती जागच्या जागी गरगर फिरते. लोखंड उन्हात इतकं तापलं की बूड टेकवेना. मित्राने पोती भिजवून आत अंथरली आणि आम्हाला कसं बसायचं ते सांगितलं. तिघांनी तीन बाजूंना, तोंडं आत करून, आणि हलायचं ते सांगून हलायचं. तो पुढे गुडघ्यावर बसून फळी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचा, आणि ती मुकाट चालायला लागायची. लहानपणी तो मामाकडे म्हशी राखायला असायचा. म्हशीचं शेपूट धरून तो या पाण्यात पोहायला शिकला होता.

आम्ही मात्र विहिरीतले. गावातल्या सगळ्या पोरांसारखं मीही पाठीला डालड्याचा बंद डबा बांधून आमच्या विहिरीत शिकलो. आण्णा तर त्यात नावाजलेले. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह निसटला, कोणाची घागर बुडाली, की आण्णांना बोलावणं यायचं. पाच पुरुष खोल पाण्याचा ठाव घेऊन वर यायचे. वस्तीतल्या पोरांना आमच्या विहिरीत उतरायची मनाई होती. कोणी तशी पाटी लावलेली नव्हती. एकदा मित्राच्या चुलतभावाने उडी मारली होती, त्यानंतर विहीर उपसून काढली, एवढंच.

बेट म्हणजे नुसतं खडकाळ टेकाड, वर चार-पाच बाभळी आणि करवंदाचं एक झुडूप. पाणी उतरल्यामुळे भोवती भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडला होता. माडबीड काही नाही. पण मित्र काठावर उभा राहून सगळीकडे बघत होता आणि त्याचा चेहरा खोलीत असायचा तसा झाला होता. "बाभळी हायेत बघ," तो हळूच मला म्हणाला. मला वाटलं, आता बोलावं. मागून आण्णांनी हाक मारली, तांब्या कुठाय म्हणून.

आण्णांनी पाण्याचा तांब्या वेगळा आणला होता, आपला आणि माझा. मित्राने ते पाहिलं आणि आपल्या झोळीतला पाण्याचा गडवा मुकाट्याने बाभळीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. तीन माणसांच्या बेटावर दोन पाणवठे झाले.

मासे बरे लागले. मित्र गांडुळं लावून देई, मी गळ टाकून बसे. तो मासे साफ करायचा आणि भाजायचे मी, म्हणजे आण्णांना खायला अडचण नको. ही वाटणी आम्ही न बोलता केली. तिचीच आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण ती करताना आम्हाला काहीच जड गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा जेवून बाभळीखाली आडवे झाले आणि घोरायला लागले. आम्ही दोघं पाण्यात पाय सोडून बसलो होतो. ह्याच्यासाठीच मी सगळा खटाटोप केला होता. तो गळाच्या दोरीकडे बघत होता, पण त्याचं लक्ष दोरीवर नव्हतं. तो वाट बघत होता. मला ते कळत होतं.

मी म्हणालो, "मरळ लागंल का रे इथं?"

त्याने गळाची दोरी जराशी ओढून पाहिली. "लागंल," म्हणाला. "संध्याकाळी लागती."

त्यानंतर आम्ही माशांबद्दल बोललो. बदल्यांबद्दल बोललो. आण्णा उठले.

चहा घेताना आण्णांनी बुडालेल्या देवळाचा विषय काढला. या पाण्याखाली जुनं गाव होतं, मित्राच्या मामाचं. गाव उठलं तेव्हा घरांची लाकडं लोकांनी काढून नेली, महादेवाचं दगडी देऊळ तेवढं जागेवर राहिलं.

"ते नेमकं कुठं हाय, कुनाला म्हाईत न्हाई म्हनतेत," आण्णा म्हणाले.

"मला म्हाईत हाय," मित्र म्हणाला. "त्या काठावरची चिंच आन् डोंगराची ती खाच एका रेषेत आली की खाली देऊळ."

"तू देवळात गेल्ता का कधी?"

"देवळात कोन जाऊ देनार, आण्णा? पन बहात्तरच्या दुष्काळात पानी उतरलं तवा शिखर उघडं पडलं होतं. मी त्याच्यावर बसून भाकर खाल्ली."

हे तो सहज बोलला. आण्णांनी कप खाली ठेवला. मग आण्णा उठून सदरा काढायला लागले. "चला," म्हणाले. "मी शिखराला हात लावून येतो."

ऊन कललं होतं आणि वारा सुटला होता. चिंच आणि खाच एका रेषेत येईपर्यंत मित्राने काहील नेली आणि फळीने ती तिथेच धरून ठेवायला लागला. बेट मागे दीड-दोनशे हातांवर राहिलं होतं. आण्णा लंगोटावर उभे राहिले तशी काहील डुलली.

"आण्णा, उडी मारू नका," मित्र म्हणाला. "काठ धरून हळू उतरा. उडी मारली की काहील मागं सरकती, पानी आत येतं. वारा बी हाय. आन् तुमी वर येस्तोर ती जागेवर ऱ्हानार न्हाई."

आण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "मला पानी शिकवायलास का? तुमी लोक कवा विहिरीत उतरले?"

मी तिथेच होतो, दोन हातांवर. मी काहीही बोललो नाही.

आण्णांनी काठावर पाय रोवला आणि विहिरीच्या कठड्यावरून मारावा तसा सूर मारला. विहिरीचा कठडा हलत नाही. काहील हातभर मागे उसळली, तिरपी झाली, बसल्या मांडीपर्यंत पाणी आत आलं आणि ती गरगरत वाऱ्याबरोबर निघाली. आण्णांचा तांब्या, माझी चप्पल, पोती, सगळं तरंगायला लागलं. मी डब्याने पाणी उपसत होतो. मित्र फळीने तिला आवरत होता.

आण्णा वर आले ते आमच्यापासून लांब, भलतीकडे तोंड करून. त्यांनी आनंदाने हात उंच केला. शिखर लागलं असावं. मग ते वळले आणि काहील जिथे असायला हवी होती तिथे बघायला लागले. आम्हाला पाहिल्यावर जोरात हात मारत निघाले. दहा-बारा हात मारले आणि थांबले. त्यांची मान इकडेतिकडे वळली. ते काय शोधत होते हे मला लगेच कळलं, कारण मीही तेच शोधलं असतं. ते भिंत शोधत होते. विहिरीत दहा हात मारले की भिंत येते, तिच्या दगडाला धरून दम खाता येतो. पाच पुरुष खोल जाणाऱ्या माझ्या भावाने आयुष्यात कधी भिंतीवाचून वीस हात पोहून पाहिलं नव्हतं. गावातल्या कोणीच पाहिलं नव्हतं.

ते पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. मग एकदा खाली गेले आणि तोंड उघडं ठेवून वर आले. मी फळी हिसकावून घेतली आणि मारत सुटलो. काहील जागच्या जागी फिरली. आण्णा कधी समोर येत, कधी पाठीमागे जात. मी मित्राकडे बघून ओरडलो, "अरे, वाचव त्यांला! तुझ्या पाया पडतो!"

तो बसून होता. त्याचा एक हात काठाच्या कडीवर होता. तो आण्णांकडे नाही, माझ्याकडे बघत होता. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग तो पाठमोरा, काहील न हलवता, अलगद पाण्यात सरकला.

पुढचं मी फिरत्या काहिलीतून तुकड्यातुकड्यांनी पाहिलं. आण्णांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली तशी त्याने स्वतःच बुडी मारली आणि मिठी सोडवली. मागून येऊन त्यांचा करदोडा धरला. त्यांना उताणं केलं, आणि एका हाताने पाणी कापत, काहिलीकडे नाही तर बेटाकडे, हळूहळू निघाला. मधून मधून तोही उताणा होऊन दम खात होता. त्याला भिंतीची गरज नव्हती.

मला बेटाला लागायला बराच वेळ गेला. पोचलो तेव्हा आण्णा पालथे पडून पाणी ओकत होते. त्यांच्या गळ्यापाशी नखांचे ओरखडे होते, मित्राच्या गळ्यावर जास्त होते. आण्णांनी पाणी मागितलं. आमचा तांब्या बुडाला होता. मित्राने आपला गडवा आणून त्यांच्या तोंडाला लावला, आणि आण्णा तो रिकामा होईपर्यंत प्यायले. त्यांनी मित्राचं मनगट धरलं होतं. ते मनगट त्यांनी बराच वेळ सोडलं नाही, आणि ते रडत होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मला त्या क्षणी केवढं बरं वाटलं! वाटलं, मला जे जमलं नाही ते या पाण्याने करून टाकलं. आता मला बोलायची गरजच नाही.

तिसरा दिवस पुरा न करता आम्ही सकाळीच निघालो. मित्र गावी आईला भेटायला येणार होता, म्हणून तोही ट्रॉलीत बसला. जसजसं गाव जवळ आलं तसतसे आण्णा ट्रॅक्टरवर अधिकाधिक ताठ बसत गेले. मला ते दिसत होतं.

पाराजवळ माणसं बसलेली होती. ट्रॅक्टर थांबला. मित्र उतरून झोळी खांद्याला लावत होता. कोणीतरी आण्णांच्या गळ्याकडे बोट दाखवलं, "हे काय लागलं हो, आण्णा?"

आण्णांनी गळ्यावरून हात फिरवला. पाराकडे पाहिलं. तिथे जाळपोळीच्या त्या संध्याकाळचे सगळे बसलेले होते.

"ह्यो मास्तर बुडायलता," ते म्हणाले. "गळ्याला मिठी मारली लेकानं. ओढून काढला कसातरी."

लोक हसले. एकजण म्हणाला, "ह्यांला कुठलं पवनं येतंय?" दुसरा माझ्याकडे वळला. "खरं का, गुरुजी? तुमी होते ना संगं?"

मित्र तिथेच उभा होता. झोळीचा पट्टा त्याच्या हातात होता आणि गळ्यावरचे ओरखडे सगळ्यांना दिसत होते. तो आण्णांकडे बघत नव्हता, हसणाऱ्यांकडेही नव्हता. पुन्हा माझ्याकडेच बघत होता. आणि या वेळी मी माळवदावर नव्हतो. त्याच्यापासून चार पावलांवर उभा होतो, आणि मला विचारण्यात आलं होतं.

मी म्हणालो, "हाव. आण्णा होते म्हणून."

मित्राने झोळी खांद्याला लावली. "येतो," म्हणाला, आणि वस्तीच्या वाटेने निघून गेला. त्याच्या वाट्याचे मासे ट्रॉलीतच राहिले.

त्यानंतर त्याने बदली करून घेतली. आईवडलांना घेऊन गेला. आम्ही प्रशिक्षणाच्या वर्गात, निवडणुकीच्या कामावर वगैरे भेटायचो, नमस्कार करायचो. आण्णा ती गोष्ट लग्नाकार्यात सांगायचे, आणि दर वेळी पाणी थोडं खोल व्हायचं. माझी खात्री आहे की शेवटी शेवटी त्यांचा तिच्यावर विश्वास बसला होता. मी कधी टोकलं नाही. घरात भांडण नको, वाटण्या नकोत, आण्णांचं वय झालंय, अशी कारणं मला पुरायची. एक संपलं की दुसरं मिळायचं. मग आण्णा हृदयाच्या झटक्याने गेले. त्यांच्यासाठी मी खूप रडलो. ते मला आवडायचे, हेही इथे लिहायला हवं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव लागलं. त्या आठवड्यात मी पेढ्यांचा पुडा घेऊन परभणीला त्याच्या घरी गेलो. त्याने घर बांधलं होतं, दारात जास्वंद होती. कानांवरचे केस पांढरे झाले होते. त्याने मला खुर्ची दिली, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला.

मी म्हणालो, "मला एक सांगायचंय. त्या दिवशी पारावर मी खोटं बोललो. आणि त्याच्या आधी, जाळपोळ झाली तवा, मी खाली उतरायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

पंधरा वर्षं अडलेलं ते वाक्य पाच-सात सेकंदांत बोलून झालं. आण्णा नव्हते, पार दूर होता, कोणी ऐकणारं नव्हतं. बोलताना मला काहीच किंमत मोजावी लागली नाही, आणि ते त्यालाही कळत होतं.

त्याने पेढ्यांचा पुडा मिटून बाजूला ठेवला. रागाने बोलला असता तर मी सोसलं असतं. तो अगदी शांतपणे बोलला.

"काहिलीत मी बसून होतो, आठवतंय? मी उतरनार नव्हतो. माझ्या आईची लुगडी जळताना त्या मानसाला मी पाहिलं होतं. पन तू ओरडलास. मला वाटलं, ह्याचा भाऊ ह्याला परत दिला तर हा एकदा तरी माझ्यासाठी तोंड उघडील. मी आण्णांसाठी न्हाई उतरलो. तुझ्यासाठी उतरलो."

आतून कपबशांचा आवाज आला. त्याने उठून टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला केलं, चहा ठेवायला जागा केली. आम्ही चहा घेतला. मग त्याला शिकवणीच्या पोरांना बसवायचं होतं, म्हणून मी निघालो.